पायथनचं सॉफ्टवेअर गिऱ्हाईकाच्या पीसीवर बसवायचं, तेही पायथन न टाकता: कसं करता?

दूधकट्टा

नमस्कार मंडळी. माझं काम म्हणजे दूध संस्थांना सॉफ्टवेअर करून देणं, भाग कोल्हापूर-कागल-राधानगरी. सकाळ-संध्याकाळ संकलन असतं, वजनकाटा आणि फॅट मशीन सिरियल पोर्टला जोडलेलं, आकडे सरळ स्क्रीनवर येतात, फॅट-एसएनएफवरून (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दर लागतो, पावती निघते, दहा दिवसांनी बिल. सगळं पायथनमध्ये, स्क्रीन टीकेइंटरची, डेटा एसक्युलाइटमध्ये. लिहितो उबंटूवर, बिल्ड करायला विंडोज १० चा एक पीसी ठेवलाय, त्यावर पायथन ३.११.

अडचण आहे ती संस्थेतल्या पीसीची. कुठं विंडोज ७ आणि तेही ३२ बिट, कुठं कोरं करकरीत विंडोज ११, नेट म्हणाल तर सचिवांच्या मोबाईलचं. अशा ठिकाणी जाऊन पायथन टाक, पिपनं नेटवरून लायब्ऱ्या ओढ, हे जमणारच नाही. म्हणून पायइन्स्टॉलर या पायथनचं ईएक्सई करणाऱ्या साधनानं वनफाईल, म्हणजे सगळं एका फाईलमध्ये, करून एकच ईएक्सई देतोय. दिसायला लई सुटसुटीत, पण उघडायला फार वेळ लागतो आणि पहाटे पाचला किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी असतात. काही ठिकाणी अँटिव्हायरस ती फाईलच उचलून टाकतो. विंडोज ७ वर तर चालूच होत नाही, कोअर-पाथ असं काहीतरी नाव असलेलं डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी जोडफाईल) मिळत नाही म्हणतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका संस्थेत सभासदांची अख्खी यादी भरून झाली, प्रोग्रॅम बंद केला, दुसऱ्या दिवशी उघडला तर सगळं कोरं. त्या लोकांनी विश्वासानं रात्री बसून नावं भरली होती. कसं करायचं सांगा.

बाइटकोडे

दूधकट्टा, यादी का गेली ते आधी बघू, कारण डेटा जाण्याएवढं वाईट दुसरं काही नाही.

वनफाईलचं ईएक्सई म्हणजे आत गुंडाळलेलं अख्खं फोल्डर. त्यात पायथनचा इंटरप्रिटर म्हणजे कोड चालवणारा प्रोग्रॅम असतो, तुमचा बाइटकोड म्हणजे त्या इंटरप्रिटरसाठी रूपांतर केलेला कोड असतो, टीकेचे डीएलएल असतात. डबल क्लिक केलं की हे सगळं विंडोजच्या टेम्पमध्ये एमईआय अक्षरं असलेल्या नावाच्या नव्या फोल्डरमध्ये उलगडतं, तिथून चालतं, आणि प्रोग्रॅम बंद झाला की ते फोल्डर पुसलं जातं. दर वेळी नवं फोल्डर. आता तुमच्या कोडमध्ये डेटाबेसचा पत्ता बहुतेक "ही पायथन फाईल जिथं आहे तिथं" असा काढलेला असणार. उबंटूवर तो प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये निघतो म्हणून सगळं बरोबर दिसतं. वनफाईलमध्ये तोच पत्ता टेम्पमधल्या त्या तात्पुरत्या फोल्डरचा निघतो. म्हणजे यादी सेव्ह झाली होती, नीट झाली होती, आणि प्रोग्रॅम बंद झाल्यावर फोल्डरबरोबर पुसली गेली.

वेळ लागण्याचं कारणही हेच. उघडताना दर वेळी सगळ्या फायली डिस्कवर लिहायच्या, मग अँटिव्हायरस त्या एकेक तपासणार, तेव्हा कुठं तुमची स्क्रीन येणार. जुन्या हार्डडिस्कवर हे फार जाणवतं. त्यात लाईट गेली किंवा कुणी टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारला तर पुसण्याचं काम राहून जातं आणि ती फोल्डरं टेम्पमध्ये साठत जातात. लाईट जाणाऱ्या गावातला पीसी असेल तर आत्ताच टेम्प उघडून बघा.

माझं मत सरळ आहे, गिऱ्हाईकाला वनफाईल देऊच नका. वनडिर मोडमध्ये बिल्ड करा, जे फोल्डर तयार होतं ते इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनानं पॅक करा, गिऱ्हाईकाला एकच सेटअप फाईल द्या. त्याच्यासाठी ती एकच फाईल राहते, फक्त उलगडण्याचं काम दर वेळी न होता इन्स्टॉल करताना एकदाच होतं. आणि डेटा प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवायचा नाही म्हणजे नाही. प्रोग्रॅम कधीही पुसून परत टाकता आला पाहिजे आणि डेटाला धक्का लागता कामा नये.

दूधकट्टा

कोड बघितला, पत्ता अगदी तसाच काढलाय. आज संध्याकाळी त्या संस्थेत फोन करतो. डेटा मग प्रोग्रॅम फाइल्समध्येच वेगळं फोल्डर करून ठेवला तर?

बाइटकोडे

नको. प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या युजरला लिहायची परवानगी नसते. जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमांच्या बाबतीत तर विंडोज ते लिखाण गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं, म्हणजे दोन वेगळ्या लॉगिननी काम केलं की दोन वेगळे डेटाबेस. सचिवांना एक हिशोब दिसणार आणि क्लार्कला दुसरा.

एकाच पीसीवर सगळे एकच डेटा वापरणार असतील तर प्रोग्रॅमडेटा हे फोल्डर बरोबर. पण तिथंही एका युजरनं केलेली फाईल दुसऱ्याला फक्त वाचता येते, बदलता येत नाही. म्हणून इनो सेटअपच्या स्क्रिप्टमध्ये ते फोल्डर तयार करतानाच सगळ्या युजरना बदलायची परवानगी द्या, एका ओळीचं काम आहे.

फॉक्सप्रो_काका

वाचतोय. आम्ही पतसंस्थांची कामं व्हिज्युअल फॉक्सप्रोत केली, त्या आधी क्लिपरमध्ये. तरुण मंडळींना वाटतं की ईएक्सई म्हणजे सगळं मशीनच्या भाषेत. फॉक्सप्रोच्या ईएक्सईत पी-कोड, म्हणजे बाइटकोडसारखाच मधला कोड, असायचा आणि तो चालवायला नऊ नंबरच्या व्हर्जनला व्हीएफपी९आर हे रनटाइम डीएलएल लागायचं. म्हणजे इंटरप्रिटर बरोबर न्यायची गोष्ट आजची नाही. फरक इतकाच की आम्ही रनटाइम एकदा टाकायचो आणि नंतर फ्लॉपीवरून फक्त आपली छोटी ईएक्सई बदलायचो. दराचा नियम बदलला की गावात जाऊन दोन मिनिटांत काम उरकायचं. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१५ मध्ये फॉक्सप्रोचा सपोर्ट पूर्ण थांबवला, पण ती सॉफ्टवेअरं त्यानंतरही चालत राहिली, कारण लागणारं सगळं बरोबर दिलेलं होतं.

बाइटकोडे म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे. डीबीएफ म्हणजे डेटाच्या फायलींचं फोल्डर आम्ही कायम वेगळं ठेवायचो.

स्टारकिट_प्रेमी

थोडा विरोध नोंदवतो. एकच फाईल देणं वाईट नाही, पायइन्स्टॉलरची ती करण्याची पद्धत जड आहे. टीकेइंटर ज्या टीसीएल/टीकेवर (टीसीएल ही भाषा, टीके तिची स्क्रीनची लायब्ररी) उभं आहे त्या टीसीएलच्या लोकांनी हा प्रश्न वीसेक वर्षांपूर्वी फार छान सोडवला होता. जाँ-क्लॉड विपलर यांचं टीसीएलकिट म्हणजे एका फाईलमध्ये अख्खा इंटरप्रिटर, टीके आणि मेटाकिट नावाचा छोटा डेटाबेस. त्याच्या बरोबर स्टीव्ह लँडर्स यांनी स्टारकिटची कल्पना मांडली. तुमचं सगळं ॲप एका फाईलमध्ये, पण ती डिस्कवर उलगडायची गरजच नाही, कारण टीसीएल ८.४ मध्ये व्हर्च्युअल फाईलसिस्टिम आली आणि इंटरप्रिटर त्या फाईलच्या आतच फोल्डरं असल्यासारखं वाचतो. टीसीएलकिट आणि स्टारकिट एकत्र चिकटवलं की झालं स्टारपॅक, एकच ईएक्सई, इन्स्टॉल नाही, पेनड्राइव्हवरून चालवा. २०२४ मध्ये टीसीएल ९.० आलं, त्यात झिप फाईलच फाईलसिस्टिमसारखी जोडायची सोय मूळ भाषेतच आहे.

आणि यातली महत्त्वाची गोष्ट काका म्हणतात तीच. स्टारकिट वेगळं ठेवलं तर इंटरप्रिटर तसाच राहतो आणि बदलायचं ते काही शे केबीचं किट. नेट कमी असलेल्या गावात याची किंमत फार मोठी आहे.

बाइटकोडे

स्टारपॅकबद्दल आदर आहेच, पण तिथंही चालू असलेल्या ईएक्सईत विंडोज लिहू देत नाही, त्यामुळे डेटा बाहेरच ठेवावा लागायचा. शिवाय पायथनच्या बऱ्याच लायब्ऱ्यांमध्ये सीमध्ये लिहिलेले डीएलएल असतात आणि विंडोजला डीएलएल डिस्कवर खरी फाईल म्हणूनच लागतं, झिपच्या आतून लोड होत नाही. म्हणून पायथनमध्ये झिपॲप, म्हणजे झिपमधूनच कोड चालवायची सोय, वगैरे असूनही डेस्कटॉपला शेवटी फोल्डरवरच यावं लागतं. मात्र इंटरप्रिटर एकदा आणि ॲप वरचेवर, हा तुमचा आणि काकांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पायइन्स्टॉलरमध्ये तेवढं सोपं नाही.

ऱ्हाईनकाठी

ते सोपं करायचा रस्ता आहे आणि मी इथे जर्मनीत छोट्या कारखान्यांच्या पीसीवर तोच वापरतो, कारण तिथेही मशीनजवळच्या पीसीला नेट नसतं. पायथनच्या साइटवर विंडोजसाठी एम्बेडेबल झिप मिळते, ३.५ पासून आहे. ती उलगडली की छोटासा पायथन एका फोल्डरमध्ये, विंडोजच्या सेटिंगांच्या रजिस्ट्रीला हात लावत नाही, काही इन्स्टॉल करत नाही. त्यात पीटीएच एक्स्टेन्शनची एक टेक्स्ट फाईल असते, लायब्ऱ्या कुठून घ्यायच्या ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती फाईल आहे तोवर हा पायथन रजिस्ट्रीकडे आणि पायथनपाथसारख्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलकडे बघत नाही. म्हणजे सचिवांच्या मुलानं कॉलेजसाठी त्याच पीसीवर दुसरा पायथन टाकला तरी तुमच्या सॉफ्टवेअरला काही होत नाही.

मी तीन फोल्डरं करतो: एकात हा पायथन, दुसऱ्यात लायब्ऱ्या, तिसऱ्यात आपला कोड. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट पायथनडब्ल्यूला आपली मुख्य फाईल देतो, काळी खिडकी येत नाही. अपडेट म्हणजे फक्त तिसरं फोल्डर, झिप करून पाठवता येतं. जुनं फोल्डर लगेच पुसायचं नाही, व्हर्जन नंबरच्या नावानं बाजूला ठेवायचं, नवीन बिघडलं तर पाच मिनिटांत जुन्यावर परत.

अँटिव्हायरसचा त्रासही बराच कमी होतो, कारण ती पायथनडब्ल्यू फाईल पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनची सही असलेली असते.

दूधकट्टांसाठी अडचण एकच, या झिपमध्ये टीकेइंटर आणि पिप नसतात. त्याच व्हर्जनचा, त्याच बिटचा पूर्ण पायथन तुमच्या पीसीवर टाका, त्यातून टीकेइंटर फोल्डर, त्याची पीवायडी फाईल (पायथनसाठीचं डीएलएलच), टीसीएल-टीकेचे दोन डीएलएल आणि टीसीएल फोल्डर उचलून आणा. व्हर्जन आणि बिट तंतोतंत जुळले पाहिजेत.

दूधकट्टा

हे आवडलं. आणि विंडोज ७ चं काय? त्या लोकांना नवीन पीसी घ्या म्हणून सांगू शकत नाही, संस्थेच्या मिटिंगमध्ये ठराव व्हावा लागतो.

ऱ्हाईनकाठी

पायथन ३.९ पासून विंडोज ७ बंद. तुम्हाला जे डीएलएल मिळत नाही म्हणून येतंय ते त्याचंच लक्षण, ते विंडोज ८ पासूनच आहे. कुठून तरी ती फाईल उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये टाका असे सल्ले नेटवर मिळतील, कृपया करू नका, गिऱ्हाईकाच्या मशीनशी तो खेळ आहे. ३.८ वर या. विंडोजसाठी तयार मिळणारं त्यातलं शेवटचं ३.८.१०. त्याला विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ लागतो, केबी२५३३६२३ हे अपडेट लागतं आणि मायक्रोसॉफ्टचा युनिव्हर्सल सी रनटाइम लागतो, जो विंडोज १० पासून आतच असतो पण ७ वर केबी२९९९२२६ मधून टाकावा लागतो. एम्बेडेबल झिपमध्ये तो येत नाही, द्यायची जबाबदारी आपली. दोन्ही अपडेटच्या फायली पेनड्राइव्हवर कायम ठेवा.

आणि ३२ बिटचंच बिल्ड करा. ते ३२ बिट विंडोज ७ वरही चालतं आणि ६४ बिट विंडोज ११ वरही. पायसिरियल (सिरियल पोर्टसाठी), एसक्युलाइट, टीकेइंटर एवढ्यावर तुमचं काम आहे, ३२ बिटला काही अडत नाही. सगळीकडे एकच बिल्ड म्हणजे फोनवर निस्तरणं सोपं.

मृणाल_टेस्टर

३.८ ला ऑक्टोबर २०२४ पासून सिक्युरिटी अपडेट बंद आहेत, हे पण लिहायला हवं. नेटला न जोडलेल्या संकलन केंद्रावर मी ते चालवून घेईन, पण उद्या तुम्ही डेटा सर्व्हरवर पाठवायला लागलात तर नाही. तेव्हा विंडोज १० आणि ११ साठी नवीन पायथनचं वेगळं बिल्ड करा, दोन बिल्ड सांभाळायचा त्रास घ्या. लोकांच्या बँक खात्यांचे नंबर असतात त्या डेटात.

अँटिव्हायरसबद्दल: पायइन्स्टॉलरच्या ईएक्सईच्या पुढचा भाग, बूटलोडर, सगळ्यांचा सारखा असतो. व्हायरस लिहिणारेही पायइन्स्टॉलर वापरतात, मग त्यांच्यावरून केलेल्या खुणा आपल्या फाईलला लागू पडतात. पायइन्स्टॉलरवरच राहायचं असेल तर बूटलोडर स्वतः कंपाइल करा, यूपीएक्सनं फाईल दाबणं बंद करा, त्याने संशय वाढतोच. अँटिव्हायरस कंपनीला फाईल पाठवून चुकीची ओळख काढून घेता येते, मायक्रोसॉफ्टकडेही तशी सोय आहे, फक्त दर बिल्डला फाईल बदलते. आणि गिऱ्हाईकाला "अँटिव्हायरस बंद करा" असं कधीही सांगू नका. बंद केलेला तो परत चालू होत नाही, मग पुढच्या पेनड्राइव्हबरोबर खरा व्हायरस येतो.

दूधकट्टा

मृणालताई, आपल्याच प्रोग्रॅमवर डिजिटल सही करायची म्हटली तर आमच्या सीएकडं डीएससीचं म्हणजे डिजिटल सहीचं टोकन आहे, जीएसटीला वापरतात ते. त्यानं होईल का?

मृणाल_टेस्टर

नाही हो दादा. ते सर्टिफिकेट कागदपत्रांवर सही करायला दिलेलं असतं, प्रोग्रॅमवर सही करायला कोड सायनिंगचं वेगळं घ्यावं लागतं आणि ते विंडोज ज्या संस्थांना मानतं त्यांच्याकडून. १ जून २०२३ पासून त्याची किल्ली पण हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित ठिकाणी असणं सक्तीचं आहे, पूर्वीसारखी साधी फाईल मिळत नाही. आणि सही केली म्हणून स्मार्टस्क्रीनची, म्हणजे अनोळखी फाईलबद्दल विंडोज दाखवतं ती, निळी खिडकी पहिल्या दिवसापासून जाते असंही नाही, फाईलची ओळख व्हायला वेळ लागतो.

तुमच्यासारख्यांना एक गोष्ट माहीत असलेली बरी. ब्राउजरनं उतरवलेल्या फाईलला विंडोज "नेटवरून आली" अशी खूण लावतं, ती एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर कॉपी केली की खूण उरत नाही. म्हणून हातानं नेऊन दिलेल्या सेटअपला ती खिडकी सहसा दिसत नाही आणि तीच फाईल लिंकवरून उतरवली की दिसते.

वेलांटी

मराठीचं कुणीच काढलं नाही, म्हणून लिहिते. उबंटूवर पायथन फाईल उघडताना यूटीएफ-८ म्हणजे सगळ्या लिप्या चालणारं एन्कोडिंग धरतो, विंडोजवर धरत नाही, सिस्टिमचं जुनं कोडपेज म्हणजे ठरावीक लिप्यांचाच अक्षरतक्ता धरतो. भारतातल्या इंग्रजी विंडोजवर ते १२५२ असतं आणि देवनागरीसाठी असं कोडपेज विंडोजमध्ये कधी नव्हतंच. त्यामुळे सभासदाचं नाव मराठीत लिहून फाईलमध्ये टाकायला गेलं की चारमॅप कोडेकची एरर येते. फाईल उघडताना प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग यूटीएफ-८ म्हणून स्पष्ट लिहा. ३.७ पासून पायथनला यूटीएफ-८ मोडमध्ये चालवायचा पर्यायही आहे, शॉर्टकटमध्येच तो घाला, पण कोडमध्ये लिहिणं अधिक भरवशाचं. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ होणार आहे, तुम्ही मात्र ३.८ वर राहणार.

दुसरं, विंडोजमध्ये युजरचं नाव मराठीत ठेवलेलं असेल तर त्याच्या फोल्डरचा पत्ताही देवनागरीत होतो, आणि सीमध्ये लिहिलेल्या काही जुन्या लायब्ऱ्या अशा पत्त्यावर अडखळतात. टेम्प आणि ॲपडेटा दोन्ही तिथेच असतात. प्रोग्रॅमडेटा वापरलं की हा प्रश्न येत नाही.

तिसरं पावती आणि बिल. रिपोर्टलॅब या पीडीएफ करणाऱ्या लायब्ररीच्या जुन्या व्हर्जनमध्ये जोडाक्षरं जुळत नाहीत, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, "किसन"ची पहिली वेलांटी कच्या पुढे जाऊन बसते. शेतकऱ्याला स्वतःचं नाव असं दिसू नये, मला हे फार लागतं. क्यूटी या स्क्रीन-छपाईच्या लायब्ररीत आत अक्षरं जुळवणारं हार्फबझ आहे, म्हणून पायसाइडमधून (क्यूटी पायथनमधून वापरायची सोय) काढलेली पीडीएफ बरोबर येते. फॉन्टही बरोबर द्या, गिऱ्हाईकाकडे असेलच असं धरू नका. निर्मला यूआय विंडोज ७ वर नसतो, मंगल आपल्याला वाटता येत नाही, नोटो सॅन्स देवनागरी खुल्या लायसन्सचा आहे, तो फोल्डरमध्ये ठेवून द्या.

स्टारकिट_प्रेमी

पायसाइड घ्यायचं तर विंडोज ७ साठी क्यूटी ५ चं, कारण क्यूटी ६ विंडोज १० च्या खाली चालत नाही. लायसन्स एलजीपीएल आहे, लायब्ररी वेगळ्या फायलीत राहून बदलता येण्यासारखी असावी ही त्यातली अट वनडिरमध्ये किंवा ऱ्हाईनकाठींच्या पद्धतीत आपोआप पाळली जाते. हा वनफाईलच्या विरोधातला मुद्दा मीच देतोय.

निनावी_वाचक

कोड लोक चोरतील त्याचं काय? एम्बेडेबलमध्ये तर सगळं उघडं.

बाइटकोडे

पायइन्स्टॉलरच्या ईएक्सईतूनही बाइटकोड काढता येतो, त्याची तयार साधनं आहेत. पूर्वी त्यात किल्ली देऊन बाइटकोड कुलूपबंद करायची सोय होती, ६.० व्हर्जनमध्ये ती काढून टाकली, कारण किल्ली त्याच ईएक्सईत असायची. खरंच लपवायचं असेल तर नुइट्का बघा, ते पायथनचं सी करून कंपाइल करतं. पण दूध संस्था तुमच्याकडे येतात त्या फॅट मशीन बंद पडल्यावर तुम्ही फोन उचलता म्हणून. कोड नेऊन कुणी ते देऊ शकत नाही.

दूधकट्टा

ठरलं असं: ३.८.१० ची ३२ बिट एम्बेडेबल, टीकेइंटर त्यात आणून ठेवायचं, कोड वेगळ्या फोल्डरात, डेटा प्रोग्रॅमडेटात, वरून इनो सेटअप. बिलाच्या पीडीएफसाठी तेवढं पायसाइड २ (क्यूटी ५ चं). ज्या संस्थेची यादी गेली तिथं उद्या स्वतः जाऊन बसणार, नावं मीच भरून देणार. एकच राहिलं, रोजचा बॅकअप. संध्याकाळचं संकलन झालं की सचिव पेनड्राइव्ह लावतील, पण त्या वेळी प्रोग्रॅम चालूच असतो. डेटाबेसची फाईल तशीच कॉपी केली तर चालेल?

बाइटकोडे

नाही, लिहिणं चालू असताना कॉपी केली तर अर्धवट फाईल मिळू शकते. पायथनच्या एसक्युलाइट कनेक्शनवर ३.७ पासून बॅकअप नावाची मेथड आहे, प्रोग्रॅम चालू असतानाही ती पूर्ण, सुसंगत कॉपी काढते. आधी डिस्कवर काढा, ती उघडून इंटिग्रिटी चेक (डेटा शाबूत आहे का ते तपासणारा) चालवा, मग पेनड्राइव्हवर तारखेच्या नावानं टाका, जुनीवर लिहू नका. आणि स्क्रीनवर शेवटच्या बॅकअपची तारीख ठळक दाखवा, दोन दिवस झाले नसेल तर लाल. उद्या त्या संस्थेत जाताना हे घालूनच जा.